आबांच्या हाताची बोटं

रहाटणीतल्या आमच्या मुलीच्या शाळेत मातीकामाचं प्रदर्शन होतं. फाटकावर 'हातांनी शिकूया' असा फ्लेक्स होता. त्यावर मुलांचे हात कुठे नव्हते, संस्थापकांचे मात्र जोडलेले होते. विषय शाळेनंच दिला होता: माझ्या आवडत्या माणसाचा हात.

मुलीनं आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा हात निवडला. आबा चाकणला प्रेस शॉपमध्ये होते. पत्रा दाबणाऱ्या मशीनखाली त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. या कारखान्यांच्या पट्ट्यात असे हात बऱ्याच घरांत आहेत, त्यामुळे कोणी विचारत नाही. मुलगी तर तोच हात धरून चालायला शिकली. शाळेत करण्याआधी ती घरी आठवडाभर क्ले घेऊन आबांसमोर बसत होती. डोळे मिटून, त्यांची थोटकं चाचपून, तेवढेच गोळे लावत होती.

"आबा, इथं गुळगुळीत कसं?"

"मशीननं घासून दिलंय गं. फुकटात."

प्रदर्शनाला आबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. टेबलावर सगळे हात पाच बोटांचे होते, आमच्या मुलीच्या नावाचासुद्धा. त्यातली दोन बोटं नवी होती, लांबसडक, नखांसकट.

"तिचं अर्धवट राहिलं होतं," मॅम हसून म्हणाल्या, "आम्ही कम्प्लीट केलं. घरी जरा काउंटिंग घ्या हं."

"मी मोजली होती," मुलगी म्हणाली. मॅमनी तिच्या गालाला हात लावला आणि त्या पुढच्या पालकांकडे वळल्या.

टेबलावरच्या हाताशेजारी धरायला आबांनी आपला हात पुढे केला होता. तो त्यांनी खिशात घातला. मी मॅमना हाक मारणार, तेवढ्यात ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे सूनबाई. कंपनीनं दिली न्हाईत, शाळेनं तरी दिली."

मी हसले. मुलगी हसली नाही.

त्या रविवारी मी तिच्यापुढे क्लेचा डबा ठेवला. तिनं हात करायला घेतला आणि एकसारखी पाच बोटं वळली. आबांनी आपला हात तिच्यासमोर ठेवला.

"आगं, माझाच करतीयस ना? मग बघून तरी कर."

तिनं मान वर केली नाही.

"बघून केलं की चुकतं," ती म्हणाली.