न टोचलेल्या वस्तूंचा डबा

माझ्या उजव्या पायाला आज पाचही बोटं आहेत, ती माझ्या धाकट्या भावामुळे. हे मी कुणापुढेही छाती ठोकून सांगतो. आता असा भाऊ घडवला कुणी? मी. सायकल मी शिकवली, दुकानात मी बसवलं. बोलायलाही शिकवणार होतो, पण ते जमलं नाही. तो दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतो. त्याच्या वाटणीचं बोलणंही माझ्याकडेच आलं, आणि मी ते वाया जाऊ दिलेलं नाही.

आमचं दुकान दोन हात पसरले की संपतं. डावीकडे मी, किल्ल्या बनवतो. उजवीकडे तो, बूट-चपला दुरुस्त करतो. मी सातवी पास, तो पाचवीतून घरी बसला. म्हणून पाटीवर ‘किल्ल्या’ मोठ्या अक्षरांत आणि ‘बूटदुरुस्ती’ खाली, जागा उरली तेवढ्यात.

त्याची एक खोड आहे. बूट हातात आला की आधी उलटा करायचा, लोखंडी ठोकळ्यावर तीनदा आपटायचा, ठक, ठक, ठक. मग आत हात घालून पार टोकापर्यंत चाचपायचा. आरी, दोरा, खिळे सगळं त्यानंतर. आतून काय काय पडायचं! खडे, शर्टाचं बटण, कंगव्याचा दात, एकदा तर बाहुलीचा अख्खा हात. तो ते पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि गिऱ्हाइकाला विचारायचा, “हे टोचत नव्हतं?”

“छे! कळलंच नाही.”

“साखर आहे?”

अर्धी गिऱ्हाइकं इथेच भडकायची. “अरे, टाच बसवायला आलोय, तपासून घ्यायला नाही!”

पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट बसली होती. ज्याला बुटातला खडा कळत नाही, त्याला बहुतेक साखर असतेच. नाहीतर असते आणि त्याला ठाऊक नसते. दवाखान्यातली सिस्टर सँडलचा पट्टा शिवायला आली, तेव्हा त्याने तिला विचारून घेतलं. ती म्हणाली, “साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाची जाणीव जाते. जखम झाली तरी कळत नाही, ती चिघळते, आणि मग बोट कापायची पाळी येते. म्हणून रोज रात्री पाय बघायचे आणि बूट झटकून घालायचे. बस्स.”

त्याला एका दमात समजलं. मला हेच ती नऊ वर्षं सांगत होती. पण मी शिकलेला ना, इतकं सोपं सांगितलेलं मला पटत नाही.

आमच्या गल्लीत बारा भाषांची माणसं राहतात आणि साखरेबद्दल बारा मतं. बसड्रायव्हर चहा बिनसाखरेचा घेतो, म्हणून वर चार क्रीमची बिस्किटं त्याला हक्काची. इस्त्रीवाली बाई नवऱ्याच्या गोळीतली अर्धी आपण खाते. एकाच घरातली साखर, वेगळी गोळी कशाला? शिंपी तपासणीच्या आधी दोन दिवस पोटाला चिमटा घेतो. “परीक्षेचा अभ्यास आदल्या दिवशीच करतात ना?” म्हणतो. माझं शास्त्र वेगळं होतं: गोड खाल्लं की कडू पाल्याचा पेलाभर रस, म्हणजे कडूने गोड कापलं जातं. एका बाबतीत मात्र बाराही भाषांचं एकमत. डॉक्टरांनी “समजलं का?” विचारलं की मान हलवायची.

मग दवाखान्याने पत्रक काढलं, आठ भाषांत. आपल्या भाषेतलं मी चौकात उभं राहून मोठ्याने वाचलं. “अधःशाखांच्या संवेदनक्षमतेचे नियमित अवलोकन करावे.” सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. आता सातवी पास माणसाने मला येत नाही म्हणायचं? म्हटलं, अधःशाखा म्हणजे दवाखान्याची तळमजल्यावरची शाखा, तिथे अधूनमधून चक्कर मारायची. बसड्रायव्हर आणि इस्त्रीवाली खरंच जाऊन आले. खाली मोडक्या खाटा रचून ठेवल्या होत्या. दोघांनी त्यांचं अवलोकन केलं आणि परत आले.

अधःशाखा म्हणजे नुसते पाय, हे धाकट्याने सिस्टरकडून समजून घेतलं आणि मला तेवढं विचारलं, “दादा, तू स्वतः पाय बघतोस का रोज?”

“माझे पाय? अरे, लोखंड आहे लोखंड! बारा तास उभा असतो. कधी दुखले म्हणून ऐकलंस?”

“तेच तर,” तो म्हणाला आणि कामाला लागला.

त्याच आठवड्यात औषधवाल्याच्या कपाटाची किल्ली हरवली. त्याने ती माझ्याकडे जोडकिल्ली करायला दिली होती. बोटाच्या पेराएवढी, चपटी. कानस चालवताना मी बूट काढून बाकाखाली ठेवतो, म्हणजे पाय मोकळे राहतात. किल्ली बाकावर होती आणि बघता बघता गायब. मी सगळं दुकान पालथं घातलं आणि मग खापर फोडलं धाकट्याच्या डोक्यावर. घरचं माणूस त्यासाठीच तर जवळ असतं.

“तुझ्या त्या भंगारातच गेली असणार! जगाची घाण गोळा करून ठेवतोस!”

त्याने डबा बाकावर उपडा केला. खडे, बटणं, बाहुलीचा हात. किल्ली नव्हती. तरी मी चार दिवस त्याला घालूनपाडून बोलत राहिलो. चौथ्या दिवशी गिऱ्हाइकांच्या देखत म्हटलं, “ह्या दुकानात एक तर तुझा डबा राहील, नाहीतर मी.” घरी बायकोने सुनावलं, “त्याला बोलू नका इतकं. बिचाऱ्याला उलटून बोलता येत नाही.” म्हटलं, म्हणूनच तर बोलतो.

पाचव्या दिवशी शाळेच्या सभागृहात कार्यक्रम होता. वरच्या ऑफिसातले एक साहेब साखरेबद्दल ‘जनजागृती’ करायला आले होते. त्यांनी पडद्यावर कसल्या तरी पिवळ्या अवयवाचं चित्र लावलं आणि तासभर जागृती केली. तोवर निम्मी जनता झोपली. मागे टेबलावर पाहुणचार मांडला होता, गोड सरबत आणि क्रीमची बिस्किटं. बसड्रायव्हर पहिल्या रांगेतून उठून तिथेच जाऊन बसला.

मी अर्थातच व्यासपीठावर. साहेब म्हणाले, “एखाद्या अनुभवी रुग्णाने दोन शब्द सांगावेत.” मी दोनशे सांगितले. “नऊ वर्षं साखर आहे मला! पण हे पाय बघा. काचेवरून चाललो तरी कळणार नाही!” टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या.

तेवढ्यात मागून धाकटा उठला. काखेत तोच डबा. भरल्या सभेत तो कधी खोकलासुद्धा नव्हता. सरळ व्यासपीठावर चढला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

“दादा, बूट काढ.”

“वेडा झालास का? लोक बघतायत!”

“बघू देत. काढ.”

मी बूट काढत नाही असं बघून त्यानेच तो ओढून काढला. उलटा केला आणि माइकशेजारच्या टेबलावर आपटला. ठक. ठक. तिसऱ्या ठकेला पुढच्या फाटलेल्या अस्तरातून काहीतरी सुटलं आणि टेबलावर टणकन पडलं.

औषधवाल्याच्या कपाटाची किल्ली.

“किल्लीवाल्याच्या बुटात किल्ली!” बसड्रायव्हर बिस्कीट खाताखाता ओरडला आणि सगळं सभागृह हसत सुटलं. मीही हसलो असतो, पण धाकटा हसत नव्हता. त्याने माझा मोजा हळूच सोलून काढला. मोजा काळा, म्हणून बाहेरून काही दिसत नव्हतं. अंगठ्याखाली किल्लीचा ठसा उठला होता, दात्यांसकट, आणि तिथलं मांस काळंनिळं होऊन ओलं झालं होतं. इस्त्रीवाली पहिल्या रांगेत होती. तिने तोंडावर पदर धरला. हसणं तिथेच थांबलं.

सिस्टर धावत आली. वाकून बघितलं, हुंगलं. किल्ली कधी हरवली ते धाकट्याने सांगितलं. “चार दिवस? आणखी चार गेले असते तर बोट गेलं होतं. कदाचित पाऊलही.”

“पण दुखत नाहीये,” मी म्हटलं.

“म्हणून तर,” धाकटा म्हणाला. आणि मला पाठीवर घेऊन तो दवाखान्याच्या गाडीपर्यंत चालत गेला. मी त्याच्यापेक्षा तीस किलोंनी जास्त आहे. आहे का कुणाचा असा भाऊ?

सात आठवडे पाय स्टुलावर होता. नख गेलं, अंगठा राहिला. पाल्याचा रस बंद झाला, गोळ्या वेळेवर सुरू झाल्या. सात आठवड्यांत त्याने एकदाही “बघ, मी सांगत होतो” म्हटलं नाही. मी त्याच्या जागी असतो तर रोज म्हटलं असतं, गिऱ्हाइकांनाही म्हणायला लावलं असतं. शेवटी मलाच राहवेना. म्हटलं, “चुकलो रे. किल्ली तू हरवली नव्हतीस.”

“माहीत होतं मला,” तो म्हणाला. “तो टाच बसवायचा बूट दे इकडे.”

साहेबांच्या ऑफिसने नवं पत्रक काढलं. त्यात साहेबांचा हसरा फोटो आहे, पाय कुणाचाच नाही. पण आमच्या गल्लीत आता ते कुणी वाचायला मागत नाही. लोक डबा बघायला येतात. धाकटा बोलत नाही, तेच बरं पडतं. एकेक वस्तू उचलून दाखवतो, मग बूट उलटा करून तीनदा आपटतो. हे बाराही भाषांत कळतं. हल्ली सकाळी दारोदारी ठकठक ऐकू येते. शिंपीसुद्धा आपटतो, परीक्षा नसतानाही.

औषधवाल्याची किल्ली औषधवाल्याला गेली. पण तिची जोड मी बसल्या बसल्या स्वतः कापली आणि डब्यात टाकली. सगळ्या डब्यात तिच्याइतकी चकचकीत, तिच्याइतकी सुबक वस्तू दुसरी नाही. अशी दुसरी कुणाच्या बुटातून निघाली असेल तर घेऊन यावं. पाटीही नवी रंगवून घेतली. आता दोघांचीही अक्षरं सारखी आहेत. माझी जराशी ठळक, पण ते रंगाऱ्याचं काम.

दुकान उघडलं की मी आधी बूट उलटा करतो. धाकटा मान खाली घालून दोरा ओवत असतो, माझ्याकडे बघतसुद्धा नाही. ठक. ठक. एखाद दिवशी मी घाईत दोनावरच थांबतो.

“दादा.”

ठक.