भुशातला चुरा

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बाईंच्या हातात शेवटचा उंदीर होता. शेपटीच्या टोकाला बारीक टोचा, रक्ताचा थेंब, मीटरवर आकडा. पेशींना वाढायला लावणारं एक प्रथिन टोचलं की मधुमेही उंदरांची साखर उतरते का, हे त्या दोन वर्षं तपासत होत्या. वरच्या मांडणीवरच्या उंदरांना प्रथिन, खालच्यांना नुसतं मिठाचं पाणी. वरच्यांची साखर दर सोमवारी कमी भरायची. विभागप्रमुख शुक्रवारी परिषदेत तेच सांगणार होते.

उंदीर पिंजऱ्यात सोडून त्या वाकल्या, तर खालच्या पिंजऱ्यात एक जण भुसा उकरून, पुढच्या पायांत काहीतरी धरून निवांत कुरतडत बसलेला. चाचणीआधी पाच तास उंदरांना उपाशी ठेवतात. खाण्याच्या जाळ्या बाईंनी स्वतः रिकाम्या केल्या होत्या. भुशात सांडलेला चुरा मात्र तसाच होता.

बाईंनी भुसा बदलण्याचं वेळापत्रक काढलं. वरच्या मांडणीचा भुसा सोमवारी सकाळी बदलला जाई, खालचा गुरुवारी. हा क्रम त्यांनीच लावला होता, सोयीचा म्हणून. वरचे खरोखर उपाशी राहत होते. खालचे चरत होते.

त्या विभागप्रमुखांच्या खोलीत गेल्या. "सर, प्रथिनाचा गुण किती आणि रिकाम्या पोटाचा किती, आता सांगता येत नाही."

सरांनी चष्मा काढला. "आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"उंदरांना."

सर हसले नाहीत. "दोन वर्षं पाण्यात घातलीत, बाई," म्हणाले, आणि भाषण रद्द करायला त्यांनी फोन उचलला.

ते ऐकून घेणं सोपं होतं. घरी दादा होता. वडील गेल्यावर शाळा सोडून कामाला लागलेला, बहिणीला शिकवणारा थोरला भाऊ. मधुमेहानं त्याच्या पायाचा अंगठा काळा पडत चालला होता. डॉक्टर काढायचा म्हणत होते आणि दादा बहिणीच्या औषधाच्या भरवशावर टोलवत होता. बाईंनीही फारसा जोर केला नव्हता. आकडे चांगले येत होते.

"काय चिमे, आज काय दिवे लावले तुझ्या उंदरांनी?"

"चोरून खात होते."

"माझ्याच वळणावर गेलेत!" तो खुशीत हसला. "मग? माझं औषध कुठवर आलं?"

"कुठवरच नाही, दादा. आणि उद्या खरं ठरलं तरी तुझ्यापर्यंत यायला वर्षं लागतील. अंगठा तेवढा थांबणार नाही."

"तूच म्हणालीस ना, साखर उतरते?"

"म्हणाले होते. चुकलं माझं."

दादानं टीव्हीचा आवाज वाढवला. बातम्या संपून जाहिराती लागल्या तेव्हा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "घे मग डॉक्टरची वेळ. आणि सोबत तू यायचंस. तो डॉक्टर माझ्याशी लहान पोराशी बोलावं तसं बोलतो."

बाईंनी फोन लावला. उद्या, मंगळवारी, सकाळी सहाला दोन्ही मांडण्यांवरचा भुसा बदलायचा आहे. साडेआठला दादाला सर्जनकडे न्यायचं आहे.