पेटी जशी आली तशी

पाचवीतल्या एका आठवड्यात मी जेवढं शिकले, तेवढं पुढे कॉलेजातही मला कुणी शिकवलं नाही. सोमवारी रसायन, मंगळवारी भूगोल, पुढे हस्तकला आणि पॅकिंग. शनिवारी परीक्षा. परीक्षेत आम्ही सगळे पास झालो आणि आमच्या मिस नापास झाल्या.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. शाळा चिकपेटच्या साडीबाजारामागच्या गल्लीत, कन्नड माध्यमाची. आमचं घर मराठी, पण तीन पिढ्या बेंगळुरात साड्या विकून ते घरापुरतंच मराठी उरलं होतं. वडिलांना अण्णा म्हणायचं, शाळेत कन्नड बोलायचं आणि भांडायचं दोन्हींत.

पाचवीच्या दोन तुकड्या होत्या, अ आणि ब. सरकारनं दोन्हींना एकेक विज्ञानपेटी दिली होती. हिरवी, पत्र्याची, तोंडावर लाखेचं सील. आत पृथ्वीचा गोल, दोन लोहचुंबक, भिंग आणि थर्मामीटर. झाकणाला आतून यादी चिकटवलेली. शाळेत या पेटीचा उपयोग एकच होता: ती कपाटावर ठेवायची. आतलं काही फुटलं, हरवलं, तर वर्गशिक्षकाला जाब द्यावा लागे. न वापरलेली वस्तू फुटत नाही, एवढं विज्ञान आमच्या शाळेला पक्कं येत होतं. ब तुकडीच्या सरांनी तर पेटीवर प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवली होती.

आमच्या मिसनी जूनमध्येच सील तोडलं.

मिस बाविसेक वर्षांच्या असतील. टेंपररी होत्या. नोकरी पक्की होणार की मार्चनंतर घरी बसायचं, ते जानेवारीत येणाऱ्या इन्स्पेक्टरच्या शेऱ्यावर ठरणार होतं. आम्हा पोरांना हे कसं माहीत? हेडमास्तर त्यांना ते वर्गाच्या दारात उभं राहून ऐकवायचे. आवाज खाली आणून बोलायची पद्धत त्या शाळेत नव्हती, निदान टेंपररी माणसाशी तरी नव्हती.

तर सात महिने आम्ही ती पेटी वापरली. चांगली रगडून वापरली. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचे वडील पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर कामाला होते. ती पुडी भरून लोखंडाचा कीस आणायची आणि चुंबक केसाळ व्हायचे. थर्मामीटर आम्ही माठात घातला, बगलेत धरला, आणि मी घरून डब्यात आणलेल्या इडलीच्या पिठात दिवसभर खुपसून ठेवला. पीठ आंबताना स्वल्प गरम होतं, हे मी स्वतः बघितलंय, कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. आणि गोल! "आपण कुठं आहोत?" असं मिस रोज विचारायच्या आणि रोज एकेकीनं येऊन बेंगळुरावर बोट ठेवायचं. चाळीस पोरं, सात महिने. डिसेंबरपर्यंत बोटांनी बेंगळुर पुसून गेलं. तिथं एक पांढरा डाग उरला, नखाएवढा. आजूबाजूला हिरवा दख्खन आणि मधोमध आम्ही नाही.

सोमवारी हेडमास्तर दारात आले. "शनिवारी इन्स्पेक्टर येतायत. पेटी जशी आली तशी दिसली पाहिजे."

मिस म्हणाल्या, "सर, मुलं शिकलीत त्यातून."

"शिकू देत की. पेटीला काय झालं ते सांगा. डाग, ओरखडा, काही दिसलं तर मी तुमच्यासाठी एक शब्द बोलणार नाही. सरी?"

'सरी' म्हणजे कन्नडात 'ठीक', पण त्यांच्या तोंडी तो हुकूम असायचा. ते गेले. मिसनी फळा पुसला. मग वळून म्हणाल्या, "मार्चनंतरही मला इथंच यायचंय. मदत कराल?"

चाळीस हात वर. माझे दोन्ही.

त्या आठवड्यात आमच्या वर्गात जे काम झालं त्याला शिक्षण म्हणतात. चुंबकाला चिकटलेला कीस पुसून निघेना, तेव्हा एकीनं घरून मळलेली कणीक आणली आणि चुंबक तिच्यात लोळवून स्वच्छ केले. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चुंबकांचा उडालेला लाल रंग नेलपॉलिशनं भरला. थर्मामीटर ठेवायच्या पुठ्ठ्याच्या नळीला आंबलेल्या पिठाचा वास येत होता, म्हणून अण्णांच्या दुकानातल्या साडीच्या खोक्याची नवी नळी बनवली. नळी गोल वळवताना पुठ्ठा किती कापायचा, यावरून आम्ही जो परीघ शिकलो तो अजून विसरलेलो नाही. गोलावरचा पांढरा डाग मंगळवारी दोघींनी मिळून रंगवला. हिरवा जुळेना. पिवळा घाला, निळा घाला, स्वल्प पांढरा. शेवटी जुळला, आणि बारीक ब्रशनं बेंगळुरचा ठिपका आणि नाव मी लिहिलं, श्वास रोखून.

गुरुवारी पॅकिंग. हा माझा घरचा विषय. साड्यांची पारदर्शक कव्हरं अण्णांकडून मागून आणली.

"कशाला गं?"

"पृथ्वीला."

"किती वारी आहे?" एवढंच विचारून अण्णांनी चार कव्हरं दिली.

कव्हराची कड हॅक्सॉच्या दोन पात्यांमध्ये धरून मेणबत्तीच्या ज्योतीवर फिरवली की शिवल्यासारखी चिकटते. चिकपेटच्या कुठल्याही पोराला हे येतं. पृथ्वी पॅक झाली. पार्सलांसाठी दुकानात लाख असायचीच. तिचं सील मारलं, शिक्का म्हणून मैत्रिणीच्या फ्रॉकचं बटण. पेटी आली होती तेव्हाही एवढी नवी नव्हती.

शुक्रवारी दुपारी व्हरांड्यात गडबड ऐकू आली. ब तुकडीचे सर आपली पेटी उघडून बसले होते. फुलदाणी जमिनीवर. पोरं रांगेनं गोल फिरवत होती, आणि सर ओरडत होते, "अरे, जोरात! हात घाण करून या, माती लावा!" एकानं शाईची बोटं आफ्रिकेवर उमटवली, त्याला शाबासकी मिळाली. मग सरांनी थर्मामीटर काढून पायरीवर ठेवला आणि बुटानं दाबला.

आम्ही खिडकीतून बघत खिदळलो. गेले, ब वाले गेले!

सर आमच्या दारावरून जाताना मिसना म्हणाले, "काय चकचकीत ठेवलीय हो पेटी! शोकेसमधली वाटते." त्यांचे साडू शिक्षण खात्यात नोकरीला होते. याचा अर्थ आम्हाला दुसऱ्या दिवशी कळला.

शनिवारी इन्स्पेक्टर आले. त्यांनी आमची पेटी टेबलावर घेतली, सील बघितलं, ते फोडलं, आत बघितलं. गोल कव्हरासकट उचलला.

"मुलांनो, या पेटीतल्या वस्तू तुम्ही वापरता?"

हेडमास्तरांनी उत्तर पाठ करून घेतलं होतं. सांगायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझा आवाज मोठा. मी उभी राहिले आणि शाळेच्या भिंती हलतील अशा आवाजात म्हणाले, "नाही सर! आम्ही हात लावत नाही!"

मग वाट बघितली. शाबासकीची.

इन्स्पेक्टरनी खिशातून पेन काढलं. "बघा, यंदाचा नवा हुकूम हाच आहे. मुलांच्या हातात वस्तू गेली पाहिजे. पेटी किती झिजलीय ते बघून शेरा द्यायचाय. ब तुकडीत जाऊन आलो. काय वापर केलाय! थर्मामीटरसुद्धा फुटलाय. आणि तुम्ही? जून ते जानेवारी सील नाही तोडलंत?"

मिसनी तोंड उघडलं. मागून हेडमास्तर खाकरले. मिसनी तोंड मिटलं. वापरलीय म्हणावं तर हे रंगवणं, पॅक करणं कुणाच्या सांगण्यावरून झालं, हा पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर मागंच उभं होतं.

मी पुन्हा उभी राहिले. "सर, मी खोटं बोलले. आम्ही रोज वापरतो."

"असं? काय केलंत थर्मामीटरचं?"

"इडलीच्या पिठात घातला."

ते हसले. साहेबांच्या मागं हेडमास्तर हसले. साहेबांनी नळी नाकाशी नेली आणि म्हणाले, "कोऱ्या साडीचा वास येतोय हिला."

"सर, गोलावर बेंगळुर नव्हतं. आमच्या बोटांनी पुसलं गेलं. तिथं नुसता रंग आहे, दाखवते." मी टेबलाशी पळाले आणि कव्हराची कड फाडायला नख लावलं.

"ए! हात लावू नकोस!" इन्स्पेक्टर ओरडले. "सरकारी वस्तू आहे ती!"

ज्या माणसानं पोरांनी हात लावला नाही म्हणून शेरा लिहायला पेन काढलं होतं, त्यानंच हे म्हटलं. वर्गात कुणालाही त्यात काही चूक वाटली नाही. त्यालाही नाही. गेली काही वर्षं मी शाळांबद्दल पत्रकं लिहिते, वाटते, ती वाटताना लोकांच्या शिव्याही खाते. कार्यकर्ते विचारतात, एवढी चिडतेस कशाला. मला तो 'ए!' ऐकू येतो. पण पत्रकात तो घालता येत नाही. पत्रकात मागण्या घालतात.

शेरा तिथंच लिहिला गेला. मिस खुर्चीवर बसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. साहेब गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या गोलाकडे बघत म्हणाल्या, "हिरवा मात्र काय जुळवलात गं. मलासुद्धा दिसत नाही कुठून कुठवर."

मार्च उजाडायची वाट कुणी बघितली नाही. सोमवारी त्यांच्या जागी दुसऱ्या मिस होत्या, आणि ब च्या सरांची पेटी आदर्श पेटी म्हणून हेडमास्तरांच्या खोलीत गेली होती. कपाटावर.

मधल्या सुट्टीत मी कव्हर फाडलं. अंगठा जिभेला लावून बेंगळुरावर घासला. दोनदा घासताच माझ्या हातचं नाव गेलं, हिरवा गेला, खालून आमचा पांढरा डाग वर आला. मी गोल कवटाळून हेडमास्तरांच्या खोलीत गेले. "सर, हे बघा. आता साहेबांना बोलवा."

त्यांनी बघितलं. नीट, चष्मा लावून बघितलं. त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं.

"सरी," ते म्हणाले. "आता तो जागेवर ठेव. नव्या मिसना यादीवर सही करायचीय. आणि तो डाग भिंतीकडे कर."

मी गोल जागेवर ठेवला. डाग वर्गाकडे करून.