विलासच्या मोटरसायकलला कारचे टायर

शुक्रवारी विलासचा डावा पाय गुडघ्याखाली कापला.

विलास माझा धाकटा भाऊ. मखमलाबादला आमची थोडी जमीन आहे, तिथे तो गुलाब करायचा. तळपायात काटा गेला, अंगात साखर होती, जखम भरली नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, मंगलनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सही केली, आणि मी कॉरिडॉरमध्ये बसून राहिलो.

मी तेव्हा एका टायर कंपनीत टेक्निकल सर्व्हिसला होतो. ऑफिस अंबडला. काम काय, तर एखाद्याचा टायर फुटला किंवा लवकर झिजला, की तो डीलरकडे क्लेम करतो, नवीन टायर मागतो. मग मी जायचो. टायर उतरवून आतून हात फिरवायचो, बाजूच्या भिंती बघायचो आणि चूक टायरची की चालवणाऱ्याची ते सांगायचो. बहुतेक वेळा उत्तर एकच असायचं: हवा कमी. हवा कमी असली की टायरच्या भिंती प्रत्येक फेरीला वाकतात, वाकून तापतात आणि आतले धागे सुटतात. हे दोन शब्द मी इतक्यांदा उच्चारले होते की विलास मला फोनवर हॅलोच्या ऐवजी “बोला, हवाकमी” म्हणायचा.

तो असा बोलायचा म्हणून आमच्या घरात आवाज होता. मी शाळेपासून पुस्तकात डोकं घालून बसणारा. जेवायला बोलावलेलंही मला ऐकू यायचं नाही. आईनं हाक मारली की तोच ओरडायचा, “दादा नाय हिथं, दादा पान नंबर चाळीसवर हाय.”

पाय गेल्यावर फुलं बाजारात न्यायला शेजाऱ्याची पिकअप ठरवली. पहाटे करंड्या मागे चढवायच्या आणि विलासनं ड्रायव्हरशेजारी बसायचं. बाजारात लोक त्याला मान द्यायचे. बसा, उतरू नका, आम्ही बघतो, म्हणायचे. भावही त्याला विचारूनच ठरायचा. त्याला ते सोसेना. एका रविवारी मी गेलो तर तो ओट्यावर बसून देठांची पानं काढत होता. वर न बघता म्हणाला, “दादा, करंड्या चढवतात, मग मला चढवतात. करंड्या उतरवतात, मग मला. मी बी आता मालच हाय.”

त्याची जुनी मोटरसायकल शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. ती विकायची नाही, मागे एकाच्या ऐवजी दोन चाकं लावायची, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. मंगलला ते मान्य नव्हतं. ती कमी बोलते, पण बोलली की तो विषय संपतो. तिनं मला स्वयंपाकघराच्या दारात थांबवून सांगितलं, की गाडी बनवायची तर बनवा, त्यांचं मन रमेल. पण दादा, तुम्ही स्वतः बघून हो म्हणालात तरच ती फाटकाबाहेर जाईल. यांच्या ‘हो’ला मी धरत नाही.

म्हणजे निकाल माझ्याकडे आला. क्लेमसारखाच, फक्त गिऱ्हाईक घरचं.

द्वारका चौकाजवळ इक्बालभाईंचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. अपंगांच्या गाड्या करण्यात त्यांचा हात बसलेला. आरटीओची परवानगी आधी घेऊ, मग वेल्डिंगला हात लावू, हा त्यांचा नियम. परवानगी आली. त्यांनी मागची चौकट कापून माल वाहणाऱ्या तीनचाकीचा डिफरन्शियल बसवला. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं आणि आतल्याला कमी, ते ज्यानं जमतं तो भाग. गिअर डाव्या पायानं टाकायचा असतो, म्हणून टाकीजवळ हाताचा दांडा आणला. ब्रेकचा उजवा पाय होताच.

प्रश्न टायरचा होता. मोटरसायकल वळताना कलते. म्हणून तिचा टायर गोल असतो, कललं तरी त्याचा कुठला तरी भाग रस्त्याला टेकतो. तीनचाकी कलत नाही. तिला गोल टायर लावले तर ती मधल्या बोटभर पट्टीवर उभी राहते आणि तेवढीच पट्टी झिजते. तिला कारसारखा सपाट टायर हवा. पण कारचा टायर मोटरसायकलच्या रिमवर चढवायचा नाही. टायरची आतली कड, जिला आम्ही बीड म्हणतो, ती त्या रिमवर नीट बसत नाही. बसल्यासारखी दिसते आणि वळणावर सुटते. त्यामुळे रिमही कारचीच घ्यायची. इक्बालभाईंनी छोट्या कारच्या रिम आणल्या, तर त्यांची भोकं आणि चाक ज्यावर बसतं त्या हबचे बोल्ट जुळेनात. त्यांनी लेथवरून हबच नवीन करून आणले.

मी आमच्या बोरसे साहेबांना विचारलं. ते रीजनल मॅनेजर, सही करण्याआधी तीनदा वाचणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

“शिंदे, आपल्या डेटाबुकात मोटरसायकलला कारचा टायर आहे?”

“नाही, सर.”

“मग कंपनी काय म्हणेल?”

“नाही म्हणेल.”

“कंपनीचं झालं.” त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “आता भावाचं. तीन चाकांना ब्रेक सारखे लागतात का ते आधी बघा. टायर नंतर.”

ब्रेक सारखे लागत होते. गाडी टेंपोत घालून मळ्यात आणली. आरटीओच्या तपासणीआधी रस्त्यावर काढायची नव्हती, म्हणून ट्रायल मळ्याच्या आतल्या वाटेवर, फाटकापर्यंत आणि परत. मंगलनं आधी पूजा केली. गाडी चालवायला तिचा विरोध होता, पूजेला नव्हता. नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि कुंकू पाण्यात कालवून तिन्ही टायरवर बोटांनी रेघ ओढली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मागच्या हौद्यात गुलाबाच्या चार करंड्या ठेवल्या. विलासनं किक मारायला उजवा पाय उचलला, तेव्हा तिनं तोंड फिरवलं.

गाडी निघाली आणि उड्या मारायला लागली. वाटेवर पाटाचा एक उंचवटा होता, तिथे मागचं धूड हवेत गेलं आणि आदळलं. हँडल डावीउजवीकडे फिरत होतं, विलास ते दाबून धरत होता. परत आला तेव्हा तो मनगटं चोळत होता. मंगलनं करंडीतून एक गुलाब उचलला. पाकळ्या कडेनं काळवंडल्या होत्या. असं फूल बाजारात कोणी घेत नाही.

इक्बालभाई म्हणाले, टायर डुलतायत, हवा कमी आहे. मलाही तसंच वाटलं. मला दुसरं काही वाटायची सवयच नव्हती. कारच्या टायरमध्ये भरतात तशी बत्तीस पौंड हवा होती, ती त्यांनी पंपानं पस्तीस केली. विलास पुन्हा गेला. गाडी आधीपेक्षा जास्त उडाली. मग मी दोरा लावून चाकं समांतर आहेत का पाहिलं. समांतर होती. बेअरिंग हलवून पाहिलं. ठीक होतं. इक्बालभाई हात पुसत विहिरीकडे गेले. मंगल करंड्या उतरवायला लागली.

विलास सीटवरच बसून होता. उतरायचं तर कुबड्या लागणार, त्या ओट्याला टेकून ठेवलेल्या. मला जवळ बोलावून हळू म्हणाला, “दादा, तू नाय म्हणून टाक.”

“का?”

“तू म्हणलास तर मंगल मला कायी बोलणार नाय. माझ्यानं म्हणवत नाय.”

त्याच्याकडे बघायचं टाळायला म्हणून मागच्या चाकाशी खाली बसलो. नोकरीत हेच करत आलो होतो, माणूस समोर असला की टायर बघायचा. बघतो तर टायरवर कुंकवाची रेघ होती. पूर्ण नव्हती. मधलं कुंकू पुसून गेलं होतं, खाली काळं रबर दिसत होतं. दोन्ही कडांना मात्र मंगलच्या बोटांचे ठसे जसेच्या तसे ओले होते. दुसरं चाक पाहिलं. तिथेही तेच.

म्हणजे कडा जमिनीला लागल्याच नव्हत्या. टायर सपाट होता, पण आतल्या हवेनं मधोमध फुगून तो गोल झाला होता, आणि गाडी पुन्हा त्याच बोटभर पट्टीवर उभी होती. बत्तीस पौंड हवा कारला लागते, कारण त्या टायरवर कारचं वजन येतं. इथे वजन त्याच्या निम्मंही नव्हतं. एक माणूस आणि चार करंड्या फुलं. एवढ्याशा ओझ्याला तो टायर दगडासारखा कडक होता, म्हणून उडत होता. हवा जास्त होती. आयुष्यभर मी कोणाला हे सांगितलं नव्हतं.

मी व्हॉल्व्हची पिन दाबली. फुस्स आवाज ऐकून इक्बालभाई विहिरीवरून धावत आले.

“साहेब, हे काय? उभी जिंदगी हवा कमी म्हणून लोकांचे क्लेम पाडले, आणि आज खुद हवा सोडताय?”

विलास हसला. पाय गेल्यानंतर तो असा हसलेला मी पाहिला नव्हता, पोट धरून, हँडलवर डोकं टेकवून. “दादा,” म्हणाला, “तुझा धर्म बाटला.”

मी मंगलला म्हणालो, पुन्हा कुंकू लाव. तिला वाटलं पूजा चुकली. मी तिला टायर दाखवला. ती वाकून बराच वेळ बघत राहिली, मग आत जाऊन वाटी घेऊन आली.

आम्ही पंचवीसवर पाहिलं. पुसलेली पट्टी रुंद झाली, पण कडांना कुंकू होतंच. आणखी सोडली. दर वेळी रेघ, दर वेळी फाटकापर्यंत जाऊन परत. मंगल आता रेघ ओढून बाजूला न होता चाकाबरोबर चार पावलं चालत जायची. विलास म्हणाला, “एवढं कुंकू तर माझ्या नावानं बी लावलं नाय हिनं.” ती म्हणाली, “तुम्ही एवढे सरळ चाललाच नाहीत.”

अठरावर रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी पुसली. पाटाच्या उंचवट्यावर गाडी वर गेली आणि खाली बसली, बस्स. मी त्याला तिथेच आठाच्या आकड्यात वळायला लावलं, कारण हवा फार कमी झाली तर वळताना भिंत दुमडते. दुमडली नाही. मग दुपारभर त्याला भरल्या करंड्या घेऊन फिरवलं आणि भिंतींना हात लावून पाहिला. कोमट होत्या, तापल्या नव्हत्या. यापेक्षा जास्त तपासणी मी कुठल्याच गिऱ्हाइकाची केली नसेल.

मंगल ओट्यावर उभी होती. मी म्हणालो, “जाऊ दे त्याला.”

“खरंच?”

“मी माझ्या घरच्यांना मागं बसवीन.”

तिनं मान हलवली आणि कुंकवाची वाटी धुवायला गेली. तिथे ती बराच वेळ होती.

पुढच्या आठवड्यात आरटीओची तपासणी झाली. इन्स्पेक्टरनं मागच्या टायरकडे बोट दाखवून विचारलं, कारचे का? मी तोंड उघडण्याआधी विलास सुरू झाला. गोल टायर, सपाट टायर, बीड, वजन, सगळं. इन्स्पेक्टरनं घड्याळ बघितलं तरी त्याचं चालूच होतं. गाडी पास झाली.

पहिल्या पहाटे मी स्कूटरवर त्याच्या मागे राहिलो. त्यानं आरशात पाहिलं आणि हातानं मला पुढे जा अशी खूण केली. मी गेलो नाही. बाजारात पोचल्यावर नेहमीचा हमाल धावत आला आणि सवयीनं त्याच्या काखेत हात घालायला लागला. विलासनं त्याला करंड्या दाखवल्या. “माल मागं हाय,” म्हणाला.

या कामातून मी एक गोष्ट शिकलो आणि निवृत्त होईपर्यंत डीलरच्या मीटिंगमध्ये सांगत राहिलो. टायरवर हवेचा आकडा छापलेला असतो, ती वरची मर्यादा आहे, सल्ला नाही. हवा टायर बघून भरायची नसते, ओझं बघून भरायची असते. मीटिंगमध्ये कोणी लिहून घ्यायचं नाही. बोरसे साहेबांनी मात्र एकदा विचारलं, “ते कुंकवाचं डेटाबुकात कसं घालायचं, शिंदे?”

विलासनं ती गाडी बरीच वर्षं चालवली. पुढे त्याच्या किडन्या थकल्या. डायलिसिसलाही तो तिच्यावरूनच जायचा. मागच्या थंडीत तो गेला. त्याच्याशिवाय मळ्यात गेलं की मला काय बोलावं ते सुचत नाही. पूर्वीही सुचत नव्हतं, पण तेव्हा बोलण्याचं काम त्याच्याकडे होतं.

गाडी विकायची का, असं लोकांनी मंगलला विचारलं. वर्षश्राद्धाआधी एका सकाळी मी गेलो, तर ती मळ्याच्या वाटेवर गिअरचा दांडा शिकत होती.

आता पहाटेची फुलं तीच नेते. मागचे टायर मध्यंतरी बदलले, तेही कारचेच. हवा अठरा आहे.