जवसाचं तेल

लग्न होऊन वैनगंगेकाठच्या सासरी आले, तेव्हा आपल्याला सगळं येतं असा माझा पक्का समज होता. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत, आणि मी चांद्याची, म्हणजे शहरातली. नवरा जंगलात लाकूडतोडीच्या कामावर, घरी मी आणि सासूबाई दोघीच. सासरे गेल्यापासून सासूबाईंनी लोकांच्या बांधीत वाकून भाताची रोवणी केली होती. त्यात पाठ कामातून गेली होती.

त्या वर्षी चांद्याच्या एका शिंपीचाचांनी त्यांना हाताची शिवणमशीन वापरायला दिली. बोली अशी, की मार्कंड्याच्या जत्रेपर्यंत पोरांचे सदरे शिवून द्यायचे. मशीन नीट सांभाळली तर ती आमच्याकडेच राहील आणि शिलाईचं काम कायमचं. नाहीतर सासूबाई पुन्हा चिखलात.

आणि मी काय केलं? सासूबाई बहिणीकडे गेल्या होत्या. मशीनच्या तेलाची कुपी संपलेली दिसली, तर स्वयंपाकातलं जवसाचं तेल घेतलं आणि भोकाभोकांत सोडलं. तेल ते तेल. आठवड्यानं त्या परत आल्या, तर चाक हलेना. जवसाचं तेल वाळलं की गोंदासारखं चिकटतं, हे बरणीचा गळा रोज पुसूनही माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

सासूबाईंनी बोट लावून वास घेतला. त्या एवढंच म्हणाल्या, "घासलेट आण."

अख्खी मशीन त्यांनी खोलली. लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांना. काढलेला एकेक भाग सारवलेल्या ओसरीवर ठेवायच्या आणि भोवती तांदळाच्या पिठाची रेघ ओढायच्या, म्हणजे साफ झाला की तो परत आपल्या रेघेत, आणि जोडताना उलट्या क्रमानं उचलायचा. भाग घासलेटात भिजवले, कोंबडीच्या पिसानं सांधे झाडले, बारीक भोकांतून दोरा ओढला, मग चाळलेल्या राखेनं घासून लखलखीत केले. मी शहाणपण पाजळत चिंच पुढं केली.

"चिंच पितळेले. लोखंडाले लावशीन तं उद्या गंजून बसन."

शेवटी सायकलवाल्याकडून मागून आणलेलं तेल, तेही थेंबाथेंबानं. इतके नेटके हात मी पुढं आयुष्यात पाहिले नाहीत, खरंच सांगते.

जत्रेच्या तोंडावर चाचा आले. चाक फिरवलं, ते भुर्रकन फिरलं. मग वाकून त्यांनी खालच्या लाकडाचा वास घेतला. लाकडात मुरलेलं थोडंच निघतं.

"बाई, जवसाचं तेल कोणी टाकलं हिच्यात?"

मी सदऱ्यांच्या घड्या नीट करायला लागले.

"मीच टाकलं, भाऊ," सासूबाई म्हणाल्या. "माह्या हातून चूक झाली. मंग मीच खोलून साफ केली."

चाचा बराच वेळ चाक फिरवत राहिले. "माझे कारागीरसुद्धा एवढी साफ ठेवत नाहीत," म्हणाले. झोळीतून तेलाची नवी कुपी काढून त्यांनी मशीनशेजारी ठेवली आणि सदऱ्यांचं गाठोडं घेऊन गेले. मशीन राहिली.

मला रडू आवरेना. सासूबाईंनी ती कुपी उचलून माझ्या हातात दिली.

"रडून काऊन राह्यली? आजपासून तेल तूच घालत जाय. कोणतं घालावं नाई, हे तुह्याइतकं पक्कं आता कोणालेच माहीत नाई."