उसनं मंगळसूत्र

नणंदेच्या तारखेला तिच्यासोबत कोर्टात गेले होते. बाकावर शेजारी बसलेली बाई घटस्फोटासाठी आली होती. तिच्या गळ्यावर ताजा वळ होता. तिचे वकील आले आणि म्हणाले, "मंगळसूत्र कुठंय? साहेबांसमोर बरं दिसतं."

"नवऱ्यानं ओढून तोडलं."

वकिलांनी माझ्या गळ्याकडं बघितलं. "ताई, पाच मिनिटं तुमचं द्या की."

मला किळस आली. नवऱ्याचा छळ सांगायलासुद्धा बाईनं आधी सवाष्ण दिसायचं! ज्या दागिन्यानं वळ उठला, तोच पुन्हा त्या वळावर घालायचा. तरी तोंडातून 'नाही' निघेना. हात आपोआप मानेमागं गेला.

तिनंच तो धरला. "राहू द्या, ताई. माझं तुटलंय, तसंच बघू दे त्यांना."

पुकारा झाला. ती उघड्या गळ्यानं आत गेली.