नानांच्या हौदातले गप्पी मासे

नव्वद साल उजाडायला अजून दोन-तीन वर्षं होती. मी जळगावचा, शहरातच वाढलेला, आणि साक्री तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात हिवतापाचा कर्मचारी म्हणून नुकताच लागलो होतो. सायकलवर गावोगाव फिरायचं, घरात कुणाला थंडीताप आहे का विचारायचं, असला तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, असं ते काम. त्यामुळे मी गल्लीत शिरलो की लेकरं पळायची आणि मोठी माणसं बोलता बोलता हात पाठीमागे न्यायची.

एका सोमवारच्या बैठकीत आमच्या डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, की जगातल्या देशांनी एकत्र बसून ठरवलंय, दोन हजार सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य. आम्ही माना डोलावल्या. मग त्यांनी कामं वाटली. जगाच्या या कामात माझ्या वाट्याला नऊ गावं आणि एक कॅन मासे आले. गप्पी मासे. बोटाच्या पेराएवढे असतात आणि डासांच्या अळ्या खातात. हौदात सोडले की डास नाहीत, डास नाहीत तर हिवताप नाही. साहेबांनी हे इतकं सोपं करून सांगितलं की मला वाटलं, दोन हजार साल कशाला, दिवाळीपर्यंत उरकून टाकू.

मासे धुळ्याहून आणायचे होते. दुधाच्या कॅनमध्ये पाणी आणि मासे घेऊन मी साक्रीच्या एसटीत बसलो. कंडक्टरने कॅनमध्ये काय आहे विचारलं आणि माझ्या तोंडून खरं निघून गेलं. त्याचं म्हणणं पडलं, की कोंबडीचं तिकीट लागतं, बकरीचं लागतं, मग माशांचं का नाही. मी म्हटलं, मासे सरकारी आहेत. मग तो म्हणाला, सरकारी असले तरी किती आहेत ते सांगा. झाकण उघडलं. पुढच्या-मागच्या बाकांवरचे सगळे वाकून मोजायला लागले. एकाचे चाळीस झाले, एका बाईचे साठ, आणि दोघंही मागे हटेनात. तेवढ्यात गाडीने खड्डा घेतला आणि कॅनमधलं बरंच पाणी कंडक्टरच्या पँटवर गेलं. दोन मासे त्याच्या चपलेजवळ उडत होते, ते त्यानेच ओंजळीत धरून परत आत टाकले. तिकिटाचं मग त्याने काही काढलं नाही. साक्री येईपर्यंत तो दाराशी वाऱ्यावर पँट वाळवत उभा होता.

माझ्या नऊ गावांतला सगळ्यात मोठा हौद एका नानांच्या खळ्यात होता. नाना साठीचे, माळकरी, मासळीचा वास आला तर रस्ता बदलणारे. त्यांच्या तीन म्हशी त्याच हौदाचं पाणी पीत. मी मासे सोडू द्या म्हटल्यावर त्यांनी मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे एक प्रश्न विचारला.

"भाऊ, म्हैस पानी पेताना मासा गियी गई, ते ते दूध माले चाली का?"

म्हणजे म्हशीने पाणी पिताना मासा गिळला, तर ते दूध शाकाहारी राहील का. आमच्या प्रशिक्षणात हा विषय झालेला नव्हता. मी विचारून सांगतो म्हटलं आणि कॅन घेऊन परतलो. दोनच दिवसांत प्रश्न गावभर झाला. पारावर दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, म्हैस गवत खाते म्हणून दूध काही हिरवं होत नाही. दुसऱ्या तटाचं म्हणणं, तो मुद्दाच वेगळा.

डॉक्टरसाहेबांना मी हे घाबरतच सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, त्यांना हौदातल्या अळ्या दाखवा, त्या काही शाकाहारी नाहीत म्हणावं. मला हे फार पटलं. मी गेलो, नानांच्या हौदातून काचेचा पेला भरून घेतला आणि उन्हात धरला. पेल्यात बारीक काळ्या अळ्या खालीवर वळवळत होत्या. ही डासांची पोरं आहेत, मी म्हटलं, तुमच्या म्हशी अशी रोज हजारो पितात.

नानांनी पेला हातात घेतला, चारही बाजूंनी पाहिला आणि त्या क्षणापासून दूध सोडलं.

चहा काळा झाला. दही-ताक बंद. तुपाच्या बरणीकडे ते बघेनात. त्यांच्या बायकोला, अक्कांना, माझा इतका राग आला की मी गल्लीत दिसलो की त्या हातातलं भांडं जोरात खाली ठेवत. चार दिवसांनी त्यांनीच तोड काढली. म्हशींना हौदावर न्यायचंच नाही. पाणी बादलीने काढायचं, लुगड्याच्या फडक्यातून गाळायचं आणि मग म्हशींपुढे ठेवायचं. मासे हौदात, म्हशी गोठ्यात, दूध शुद्ध. नानांनी यावर एक रात्र विचार केला आणि होकार दिला. सकाळी हौदाला नारळ फोडून आम्ही मासे सोडले. अक्कांनी पहिल्यांदा मला चहा दिला, दुधाचा.

नाना हौदाच्या काठावर बसून बघत राहिले. अळी वर आली की मासा झडप घाले. आठवडाभर त्यांनी शेताकडे दुपारनंतरच जायचं ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते मासे दाखवत. मी माझ्या अहवालात लिहिलं, की गावकऱ्यांचं सहकार्य उत्तम.

पंधरा दिवसांनी नाना सकाळीच केंद्रावर आले. चेहरा उतरलेला. मला वाटलं घरात कुणाला ताप आला.

"अळ्या बठ्ठ्या सरनात," ते म्हणाले. "आते या बिचारा काय खातीन?"

मी म्हटलं, नाना, अळ्या संपल्या हीच तर आनंदाची गोष्ट. त्यांना ते कळलं नाही, किंवा आवडलं नाही. ते उठून गेले. पुढे ऐकायला आलं, की ते तांब्या घेऊन घरोघर फिरतायत. कुणाचा रांजण, कुणाचं फुटकं टायर, कुणाची कोंबड्यांची पाण्याची खापरं. जिथे अळ्या दिसतील तिथून काढून घेतात आणि हौदात नेऊन टाकतात. जे काम मी पगार घेऊन करत नव्हतो ते नाना आपणहून करत होते. मी साहेबांना अभिमानाने सांगितलं. साहेबांनी वर कळवलं. आणि वरून एक मोठे अधिकारी खास नानांचा हौद बघायला आले.

हौद आरशासारखा होता. एक अळी नाही. मासे वाढून शेकडो झालेले. अधिकाऱ्यांनी नानांच्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, मासे एवढे तगडे कसे ठेवलेत. नानांना इतका मान कुणी दिला नव्हता. ते आम्हाला गोठ्याच्या मागे घेऊन गेले.

तिथे सावलीत अकरा मडकी मांडलेली होती. प्रत्येकात गढूळ पाणी, आणि पाण्यात अळ्याच अळ्या. गावातल्या संपल्यावर माशांची उपासमार होऊ नये म्हणून नानांनी त्यांची शेतीच केली होती. काही अळ्यांचे डास होऊन मडक्यांवर घोंगावत होते. नाना एकेक मडकं दाखवत होते, हे परवाचं, हे तयार झालेलं. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी म्हशीकडे पाहिलं.

अक्का आमच्या मागोमाग आल्या होत्या. त्यांना ही मडकी लोणच्याच्या खाराची म्हणून सांगितली गेली होती.

"गावले ताप भरी ऱ्हायना," त्या म्हणाल्या, "आनि हाऊ मानूस घरमा डास पायी ऱ्हायना."

गावाला ताप भरतोय आणि हा माणूस घरात डास पाळतोय, असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि पायाने एकेक मडकं उपडं केलं, अकराच्या अकरा. नाना प्रत्येक मडक्याला हळूच "अरे, अरे" म्हणत होते. शेवटी अधिकाऱ्यांनीच त्यांना समजावलं, की गप्पी मासे भाकरीचा चुराही खातात. नानांनी तिथल्या तिथे भाकरी मागवली, चुरून हौदात टाकली, आणि मासे तुटून पडले तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

त्या पावसाळ्यानंतर त्या गावात माझ्या काचपट्ट्या बऱ्याच उरल्या. माशांमुळे, तांब्या घेऊन फिरणाऱ्या नानांमुळे की अक्कांच्या पायामुळे, मला अजून सांगता येत नाही. ताप आला तो एकट्या नानांना, तोही चाळीसगावला लेकीकडे आठ दिवस राहून आल्यावर. मी त्यांच्या बोटाला सुई टोचली. रक्तात हिवताप निघाला. कडू गोळ्या त्यांनी न कुरकुरता घेतल्या, पण चाळीसगावचा त्यांना फार राग आला.

बरे झाल्यावर ते माझ्याकडून कॅन मागून घेऊन गेले. लेकीच्या घरी कुणाला न विचारता त्यांनी पिण्याच्या पाण्याच्या हौदात मासे सोडले. व्याही सकाळी तोंड धुवायला गेले आणि ओरडत बाहेर आले. नानांनी त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि गप्पी मासा म्हणजे काय ते समजावून सांगायला सुरुवात केली. लेकीने नंतर सांगितलं, की पाणी त्याच हौदातलं होतं, त्यामुळे व्याह्यांनी ते काही घेतलं नाही.